कोच कूबिकचं गेटिसबर्ग

आमच्या नोव्हाक क्रीकमधे फुटबॉल आठ जणांचा खेळतात. मोठ्या गावांत संघाला अकरा लागतात. आमच्याकडं अकरा पोरं मैदानात उतरवायची तर त्यातली तीन आधी जन्माला घालावी लागतील, आणि त्या कामाला गावात कुणाला सवड नाही.

ह्या आठांचा कोच म्हणजे मर्लिन कूबिक. उंच, खांद्यात वाकलेला, गळ्यात शिट्टी. चर्चमधेसुद्धा शिट्टी. त्याच्या हाताखाली आमची पोरं किती सामने हरली हे विचारू नका. शाळेच्या बोळात चषकांसाठी काचेचं कपाट आहे आणि त्यात प्लॅस्टिकचं झाड ठेवलंय, एवढ्यावर समजून घ्या. झाडाची धूळ मात्र कोच दर सोमवारी न चुकता पुसतो.

आता नेब्रास्कात रीत अशी, की कोचला नुसता कोच म्हणून पोसता येत नाही, त्यानं वर्गात काहीतरी शिकवावं लागतं. गणित द्यावं तर पोरं चुकीची उत्तरं घरी घेऊन येतात आणि आईबाप पकडतात. रसायन द्यावं तर आग लागते. इतिहास दिला की बरं असतं. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. कोचनं कितीही जोर लावला तरी त्यात काही बिघडत नाही. म्हणून ह्या मुलखात जिकडं बघाल तिकडं इतिहास कोचच्याच गळ्यात.

कूबिकला मात्र इतिहासाचं खरोखर वेड होतं. अडचण एवढीच, की ते वेड चार वर्षांचं होतं. उत्तर-दक्षिणेचं यादवी युद्ध सुरू झालं तिथून ते संपलं तिथपर्यंत. त्याच्या आधी माणसं त्या युद्धाची वाट बघत बसली होती आणि नंतर त्याच्या आठवणी काढत बसली, असा त्याचा समज. गेटिसबर्गची लढाई तर तो शाळेच्या खाणावळीत मिठाच्या बाटल्या मांडून लढायचा. आमच्या शाळेत गुरुवारी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि तिच्यासोबत दालचिनीचा गोड रोल असतो. त्या दिवशी दक्षिणेचं घोडदळ रोलच्या मागं दबा धरून बसायचं आणि लढाई रंगात आली की रोल थंड व्हायचा. मास्तर म्हणून पोरांना तो आवडायचा. पेपरला काय येणार ह्याची चिंता त्याला नव्हती, कारण पेपर तोच काढायचा.

हे असंच चाललं असतं. पण शेजारच्या हॅमर्टननं घात केला. हॅमर्टन आम्हाला फुटबॉलमधे दरसाल तुडवतं, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. त्या वर्षी मात्र बातमी आली, की हॅमर्टनच्या शाळेत एपीचे पाच वर्ग सुरू झाले.

हे एपी म्हणजे असं. शाळेतल्या पोरांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास शाळेतच करायचा. मे महिन्यात साऱ्या देशात एकाच दिवशी त्याचा पेपर. गुण पाचातून. चार-पाच पडले की विद्यापीठ म्हणतं, हा विषय तुझा झाला, घे क्रेडिट. असे पुरेसे विषय जमले, की पोर विद्यापीठाची पायरी न चढताच एक वर्ष पुढं गेलेलं. खाल्ल्याशिवाय ढेकर, म्हणा ना.

आमच्या मुख्याध्यापिका लोनिटा ग्रीनवॉल्ट. त्यांनी कोचला बोलावलं.

"मर्लिन, ह्या वर्षी इतिहासाचा एपी वर्ग आपण घेणार."

"घेणार म्हंजे कोण?"

"शाळेत इतिहास शिकवणारे किती जण आहेत?"

कोचनं दारातून बाहेर बघितलं, कुणी सापडतंय का म्हणून.

"पोरं किती?" त्यानं विचारलं.

"एक."

"एक? आठाशिवाय मी कुठल्या मैदानात उतरत न्हाई, लोनिटा."

"ती एक आठांना भारी आहे. टेसा व्होंद्रा."

हे खरं होतं. रोलंड व्होंद्राची ही पोर. गाईचं अडलेलं वासरू ती कोपरापर्यंत हात घालून फिरवायची, आणि हात धुऊन वर्गात येऊन बसायची. रसायन, जीवशास्त्र, गणित, इंग्रजी, चारही एपी तिनं घरात संगणकापुढं बसून आदल्या दोन वर्षांत उरकले होते, सगळ्यात चार नाहीतर पाच. आता इतिहास तेवढा राहिला होता. तो का पाहिजे होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

रोलंडचा उजवा गुडघा गेला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, नवा बसवा. रोलंडनं डॉक्टरला सांगितलं होतं, बघू. जमीन बरीच, हाताखाली दुसरं कुणी नाही. पोरीला विद्यापीठात जायचं होतं, जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. जेवणाच्या टेबलावर एकदा त्यानं निकाल दिला.

"तीन वर्सं जा. तीन वर्सं गुडघा वडतो मी. चौथ्या पेरणीला तू हितं पायजेस."

"डॅड, पदवी चार वर्षांची असते."

"मग तीन वर्सांत येवढी मिळंल तेवढी घिऊन ये."

पोरगी बापासारखीच. रडली नाही, भांडली नाही. तिनं बेरीज केली. पाच विषयांची क्रेडिटं जमली तर चार वर्षांची पदवी तीनात बसत होती. चार जमली होती. पाचवा विषय कोच कूबिकच्या हातात होता. देवानं माणसाची परीक्षा घ्यायची म्हणजे किती घ्यावी.

ऑगस्टात वर्ग सुरू झाला. सप्टेंबरात वसाहती स्थापन होऊन इंग्रजांना हाकलूनही झालं, त्यात कोचला रस नव्हता. ऑक्टोबरात तो यादवी युद्धाशी आला आणि बिऱ्हाड टाकलं. नाताळला पहिली हिमवृष्टी झाली तेव्हा ते १८६२ मधे होते. मार्चमधे चिखल झाला तेव्हाही १८६२ मधेच होते, पण वर्षाच्या शेवटाकडं. टेसानं अधूनमधून आठवण केली.

"कोच, ह्याच्यानंतर अजून दीडशे वर्षं आहेत."

"कळंल. पण ह्यो पाया हाय. पाया कच्चा ऱ्हायला तर घर पडतंय."

"घर बांधायला घेऊ या ना पण."

"गेटिसबर्गचा तिसरा दिवस तेवढा हुं दे."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात युद्ध संपलं. कोचनं सुस्कारा सोडला, फळा पुसला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघितलं. पेपरला आठवडा राहिला होता. आणि पुढच्याच सोमवारी रान वाफशावर आलं. मक्याची पेरणी सुरू झाली आणि टेसा शाळेत यायची बंद झाली.

आमच्याकडं पेरणीत पोर शाळेत येत नाही ह्याला कुणी गैरहजेरी म्हणत नाही. गैरहजर म्हणजे पेरणीत जे शाळेत सापडतं ते.

मंगळवारी दुपारी शाळा सुटल्यावर कोच व्होंद्राच्या रानात गेला. बांधावर गाडी लावली, पुस्तक काखेत धरलं आणि चालत्या ट्रॅक्टरपुढं आडवा उभा राहिला. टेसानं थांबवला. आमच्या ट्रॅक्टरांना आता काचेची खोली असते, आत चालवणाऱ्याच्या बाजूला आणखी एक छोटी बैठक. पोरांना नाहीतर कुत्र्याला बसायला. व्होंद्राचं कुत्रं उतरवलं आणि कोच चढला.

ट्रॅक्टर आपसूक सरळ चालतो, उपग्रह बघून. चालवणाऱ्यानं धुऱ्यावर वळवायचा आणि पेरणीयंत्र उचलायचं-टेकायचं, एवढंच. मधल्या वेळात माणसं फोनवर बोलतात, डुलक्या काढतात. कोचनं मधल्या वेळात दीडशे वर्षं काढायची ठरवली.

"ह्या फेरीत कुंपणापतुर युद्धानंतरचं, मग रेल्वे. वळलीस की कारखानं नि संप. परत वळलीस की पैलं म्हायुद्ध."

"महायुद्ध एका फेरीत?"

"आपण त्यात उशिरा उतरलो. अर्धी फेरी पुरं."

"आणि महामंदी?"

"ती तुज्या डॅडच्या तोंडावर रोजच आसती, ती वाच."

"व्हिएतनाम?"

कोचनं पुस्तक मिटलं. "हरलेल्या सामन्यावर मी सोमवारी बोलतो," तो म्हणाला.

"सोमवारपर्यंत पेपर होऊन गेलेला असेल."

"मग ह्या फेरीत घिऊ. पण थोडक्यात."

असं त्यांचं रोज चाललं. सकाळी गॅसपंपावर कॉफीला जमणाऱ्या मंडळींना नवा धंदा मिळाला. कॉफी कुणी पाजायची ह्यासाठी आमच्याकडं फासे टाकतात, त्या आठवड्यात फासे टाकून झाले की कुणीतरी विचारायचं, "आज कुठवर आलं?" आणि रस्त्याकडेला रान असलेला सांगायचा, "काल हिरीपाशी दुसरं म्हायुद्ध लागलं. सांजच्याला चंद्रावर गेली दोगं."

गुरुवारी खरी बोंब झाली. शुक्रवारी सकाळी आठला पेपर. शुक्रवारी संध्याकाळपासून पाऊस, सलग आठवडाभर, असा अंदाज. रोलंडचं मोठं रान अर्धं राहिलेलं. तो दुसऱ्या ट्रॅक्टरनं पुढं रान तयार करत होता, पेरायला पोरगी पाहिजेच होती.

कोच बांधावर उभा होता. रोलंड लंगडत आला.

"उद्याच्याला पेपर न्हाई," रोलंड म्हणाला.

"पेपर साऱ्या देशात हाय, रोलंड."

"मग सारा देश दिऊ दे की. माजी पोर पेरणार."

"ईतिहास बुडाला तर तिची तीन वर्सं बुडाली. चौथं लागतंय तिला."

"तर चौथं न्हाई. तिला ठावं हाय."

टेसा ट्रॅक्टरच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिनं टोपी काढली, झटकली, परत घातली. कोचनं तिच्याकडं बघितलं, ट्रॅक्टरकडं बघितलं, आणि म्हणाला, "मी पेरतो."

रोलंड हसला नाही. हसायचं की नाही हे त्याला कळलं नाही. "तू?"

"मास्तरला आपल्या इषयाच्या पेपरला खोलीत थांबू देत न्हाईत. पोरांना खुणा करंल म्हनून. लोनिटा बसणार हाय तितं. उद्या सकाळी मी रिकामाच."

"तुजा बाप न्हावी हुता, कूबिक."

"ह्यो आपसूक चालतो का न्हाई?"

"चालतो."

"आन ती आठवडाभर चालवताना मी शेजारी बसून बघतोय का न्हाई?"

"बघत न्हवतास. बडबडत हुतास."

पण पर्याय नव्हता. रोलंडनं त्याला सगळं दोनदा सांगितलं. पलीकडच्या बांधाकडून तास घेत पोरीनं पेरलेल्या भागाला रानाच्या मधे येऊन मिळायचं. इथं उचलायचं, इथं टेकायचं. समोरचा संगणकाचा पडदा लाल झाला आणि पिपाणी वाजली की थांबायचं. म्हणजे पेटीतलं बी संपलं. बी धुऱ्यावरच्या गाडीत आहे, भरायचं आणि पुढं जायचं. शेवटी तो म्हणाला, "शेंबडं पोरबी करंल." आमच्याकडं आजवर जेवढी नुकसानं झाली त्या सगळ्यांच्या आधी कुणीतरी हे वाक्य म्हटलेलं आहे.

शुक्रवारी सकाळी टेसा शाळेत गेली आणि कोच ट्रॅक्टरवर.

सुरवातीला त्यानं फार चांगलं केलं. हे रोलंडनंही नंतर कबूल केलं. तास सरळ, वळणं नीट. पण माणूस किती वेळ गप्प बसेल? आणि त्यात शेजारची बैठक रिकामी. समोर मोकळं रान, लांब पसरलेलं, हलका उतार, पलीकडच्या टोकाला झाडांची रांग. गेटिसबर्गच्या तिसऱ्या दिवशी जनरल पिकेटची माणसं असंच मोकळं रान तुडवत निघाली होती, समोर तोफा असताना. कोचच्या डोळ्यांपुढं ते रान उभं राहिलं. नुसतं उभं राहिलं नाही, तो त्यात होता. त्यानं खोलीत एकट्यानंच बोलायला सुरवात केली. आधी हळू, मग मैदानावर ओरडतो तसं. डावी फळी, उजवी फळी, कुंपण आलं, कुंपण ओलांडलं.

ऐन चढाईत पिपाणी वाजली.

कोचनं एकोणीस वर्षं शिट्टी वाजवून दुसऱ्यांना गप्प केलेलं. त्याच्या बोलण्यात कुणी पिपाणी वाजवायची म्हणजे काय? त्यानं पडद्यावर आवाजाचं चित्र होतं तिथं बोट दाबलं. पिपाणी बंद झाली. पडदा लाल राहिला, पण समोर रणच पेटलेलं. लाल तर सगळंच होतं.

दुपारी टेसाची गाडी बांधावर आली. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं रोलंड आला, कारण आकाश काळं झालं होतं. कोच ट्रॅक्टरवरून उडी मारून धावला.

"कसा गेला?"

"बी कुठाय?" रोलंड पेटीचं झाकण उघडून बघत होता.

"मोठा निबंध काय आला गं?"

"कूबिक, बी कुठाय?"

"तीन प्रश्न होते, त्यातला एक लिहायचा," टेसा म्हणाली. "एक युद्धाचा होता."

कोचचा चेहरा उजळला. "कुठला दिवस?"

"दिवस नव्हता विचारला, कोच. युद्ध संपल्यावर सुटलेल्या गुलामांचं पुढं काय झालं, ते विचारलं होतं."

"ते आपण... ते कवा केलं?"

"मंगळवारी. पहिल्या फेरीत, रेल्वेच्या आधी. विहिरीपासून कुंपणापर्यंत."

सात महिने लढाई शिकवली ती बाजूला राहिली, आणि पेपरला आलं ते विहीर ते कुंपण. कोच ह्यावर विचार करत होता, तेवढ्यात रोलंड पडद्यापाशी गेला होता. पडद्यावर रानाचा नकाशा असतो. पेरलेलं हिरवं, न पेरलेलं लाल. रानाच्या मधोमध, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टा होता. सरळ. रेघ मारल्यासारखा.

"पिपाणी वाजली न्हाई?" रोलंडनं विचारलं.

"वाजली."

"मग?"

कोचनं खरं सांगितलं, हे त्याच्या बाजूनं म्हटलं पाहिजे. "तवा पिकेट निम्म्या रानात हुता."

रोलंडनं पडद्यावरच्या लाल पट्ट्यावरून बोट ओढलं. "मग पोचला का?"

"न्हाई. निम्मी माणसं रानातच पडली."

"बराबर हाय," रोलंड म्हणाला, आणि पहिला थेंब पडला.

बी भरून ट्रॅक्टर वळवेपर्यंत सरी आल्या. पाऊस आठवडाभर म्हणाला होता, दहा दिवस राहिला. रान वाळून तो पट्टा पेरायला महिनाअखेर उजाडली. तोवर बाकीचा मका वीतभर झाला होता.

आता इथली एक गोष्ट ध्यानात घ्या. रविवारी चर्च सुटल्यावर आमची माणसं घरी जात नाहीत. गाडीत बसून दुसऱ्यांची रानं बघत हिंडतात. कुणाचे तास वाकडे, कुणाच्या रानात फट, हे बघून आल्याशिवाय जेवण पचत नाही. आणि व्होंद्राचं ते रान थेट हमरस्त्याला. जुलैच्या चारला, स्वातंत्र्यदिनाला, मका गुडघ्याएवढा पाहिजे असं जुनी माणसं म्हणायची. हल्लीचा डोक्याएवढा होतो. त्या दिवशी सगळा मका डोक्याएवढा आणि मधोमध तो पट्टा मांडीएवढा. उंच गवतातून कुणीतरी वस्तरा फिरवावा तसा. न्हाव्याचा पोरगा शेवटी वळणावर गेला, असं गॅसपंपावर ठरलं. हॅमर्टनहूनसुद्धा माणसं बघायला आली. पट्ट्याला नाव पडलं, कोचचं गेटिसबर्ग. पोरीचा निकाल यायचा होता. मास्तरचा निकाल हमरस्त्यावर लागला होता आणि तो मोफत बघायला मिळत होता.

पोरीचा निकाल त्याच आठवड्यात आला. कोच शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होता तेव्हा टेसा आली.

"चार," ती म्हणाली.

"पाचातून?"

"पाचातून."

कोचनं चुन्याचं यंत्र सोडलं नाही. "एक कुठं ग्येला?"

"बहुतेक व्हिएतनाममधे. अर्धीच फेरी झाली होती."

चार पुरत होते. विद्यापीठानं मान्य केलं, की ह्या मुलीला अमेरिकेचा इतिहास येतो. विद्यापीठाला ती खोली, ते कुत्रं, तो विहिरीपासूनचा धडा, ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि कुणी कळवलंही नाही. लोनिटाबाईंनी शाळेच्या पाटीवर लिहिलं, "एपी इतिहास: शंभर टक्के निकाल." हॅमर्टनचा साठ टक्के होता. वर्गात किती पोरं होती हे पाटीवर लिहायला जागा उरली नाही.

ऑगस्टात टेसा गेली.

ऑक्टोबरात कापणी. पट्ट्याच्या आजूबाजूचा मका वाळून खडखडीत आणि पट्टा अजून ओला. रोलंडनं तो ठेवून दिला आणि शेवटी एका शनिवारी कोचला बोलावणं धाडलं. कापणीयंत्राच्या छोट्या बैठकीवरून कुत्रं उतरवलं.

"बस."

"कशापायी?"

"बस म्हणतो तर."

ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रोलंडनं त्याला त्या पट्ट्यातून नेलं. सावकाश. हमरस्त्यावर गाड्या थांबून बघत होत्या. कोच ताठ बसला होता, शिट्टी गळ्यात. दुसऱ्या टोकाला पोचल्यावर रोलंड म्हणाला, "कणसं बारकी हायती." थोड्या वेळानं म्हणाला, "तास मात्तर सरळ हाय." ह्याच्यापेक्षा गोड शब्द रोलंडच्या तोंडून त्याच्या बायकोनंही ऐकले नसतील.

पोरगी बोलाला जागली. तीन वर्षांत पदवी घेऊन, ठरल्याप्रमाणे चौथ्या पेरणीला घरी आली आणि सगळं रान एकटीनं पेरलं. शेवटची फेरी झाल्यावर हात धुतले आणि बापाला सांगितलं, की जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळालाय. तिकडं चार वर्षं.

"आपलं तीन ठरलं हुतं," रोलंड म्हणाला.

"ती तीन तू दिलेली, डॅड. ती झाली. वाचवलेलं वर्ष माझं."

"एक वाचवलंस. चार कुठनं आणलीस?"

"तीन उधार."

रोलंड तडक गॅसपंपावर आला. कोच फासे हातात घेऊन बसला होता.

"कूबिक, तुज्या त्या परीक्षेनं माजं एक वर्स वाचलं आन चार ग्येली. हिशेब तूच शिकवलास का तिला?"

"मी ईतिहास शिकवतो."

"ते रान बघून कळतंय."

त्या हिवाळ्यात रोलंडचा गुडघा साफ निकामी झाला आणि डॉक्टरनं नवा घातलाच. पेरणी आली तरी त्याला त्या पायानं ट्रॅक्टर चालवता येईना. गॅसपंपावर चर्चा झाली, कोण बसणार. सगळे आपापल्या पेरणीत. शाळेला सुट्टी नव्हती, पण शनिवार-रविवार रिकामा असलेला एकच माणूस होता, आणि तो शिट्टीशी खेळत खिडकीबाहेर बघत होता.

"त्यापरीस पडीक ठेवतो," रोलंड म्हणाला.

शनिवारी सकाळी आम्ही हमरस्त्यानं चाललो होतो. व्होंद्राच्या ट्रॅक्टरमधे कोच बसला होता. शेजारच्या छोट्या बैठकीवर, नवा गुडघा पुढं ताणून, रोलंड. उतरवलेलं कुत्रं बांधावर बसून बघत होतं. आम्ही काच खाली करून रोलंडला विचारलं, बरं आहे का.

"अजून बरं हाय," तो म्हणाला. मग कोचकडं वळला. "कूबिक, काय लढायचं ते लढ. पर पिकेटला सोडायच्या आदी पेटी भर."